तोलाराचा अंगठा

सांगलीच्या मार्केट यार्डात माझे वडील तोलार होते.
शांतवन आवळे, अडत दुकान एकोणीस.
हळदीनं नखं कायमची पिवळी.
रविवारी दगडानं घासून घासून
ते देवळात यायचे, तरी
प्रभुभोजनाचा इवलासा पेला
मधल्या दोन बोटांच्या फटीत धरायचे.
अंगठा लांब, आखडलेला,
पंगतीबाहेर बसवलेल्या माणसासारखा.
आम्हाला वाटायचं, सांधा धरलाय.

पाळकसाहेब सांगायचे, तारण कमावता येत नाही,
ती काही शनिवारची हजेरी नव्हे.
मागच्या बाकावरून एलिया मास्तर खाकरायचे :
मग नुसत्या आमेननं भुकेल्याचं पोट भरतं का?
दोघांची वचनं एकाच शास्त्रातली.
दोघे वीस वर्षं भांडले
आणि वीस वर्षं आमच्याच ओट्यावर चहा प्याले.
वडील गप्प.
एकदाच आईला म्हणाले,
"दोघांनी कधी काटा धरलेला नाही."

त्यांची वही मला पत्र्याच्या पेटीत सापडली.
हमाल कोंडिबाच्या पोराची फी.
पुरात वाहून आलेल्या म्हातारीला सव्वा महिना जेवण.
मिरजेच्या दवाखान्यात रक्त, दोनदा.
आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, लाल शाईत,
बाकी : तीन किलो.
काहीही जमा होवो,
बाकी हलत नव्हती.

विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं,
खिडकीकडं बघत.
मी दोन वर्षांची. घटसर्प.
एक बाई एकच पोतं घेऊन आलेली, म्हैसाळची.
शेठनं डोळ्यानं खुणावलं.
अंगठा दांडीवर टेकला,
किती वेळ?
माशी बसून उडेल एवढा.
संध्याकाळी वीस रुपये.
त्यातच मिरजेची एसटी, त्यातच इंजेक्शन.
म्हणजे मी.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं म्हैसाळला गेलो.
पिशवीत तीन किलो हळकुंडं,
घरच्या काट्यावर चारदा मोजलेली.
आक्काताई चौगुले जाऊन अकरा वर्षं झालेली.
मुलगा मोटर दुरुस्त करत होता, हातभर ग्रीस.
वडिलांनी उभ्यानंच सगळं सांगितलं,
साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं तसं.
तो हात पुसत म्हणाला,
"म्हाईत हाय की. आईनं बघितला हुता अंगठा.
घरी यून बोलली, असंल त्याच्या घरी काय अडचण.
परत कधी विषय न्हाई काढला.
च्या घेणार न्हवं?"

पिशवी त्यानं घेतली नाही.
येताना ती वडिलांच्या मांडीवर होती,
आणि ती हलकी झाली होती असं मी म्हणणार नाही.
अंकलीच्या पुलावर कृष्णा दिसली, आटलेली, गढूळ.
ते म्हणाले, "म्हणजे फिटलंच होतं.
मी उगीच एवढी वर्षं."
मग थोड्या वेळानं : "उगीच नाही."
मग पुन्हा काहीच नाही.

बाप्तिस्मा नाही, वचन नाही, देऊळ नाही,
मग त्या बाईच्या हाती ही कृपा कुणी दिली?
मी एलिया मास्तरांना विचारलं.
ते खाकरले नाहीत.
पाळकसाहेबांना विचारलं.
ते म्हणाले, बस, चहा घे.

कोंडिबाच्या नातवाची फी त्यानंतरही जात राहिली.
मला कॉलेजच्या कारकुनाकडून कळलं.
वहीत नोंद नाही.
वहीची उरलेली पानं आईनं
वाण्याच्या यादीला वापरली.

आणि त्या पुढच्या रविवारी
उपासना संपल्यावर, नेहमीसारखी,
आई मागच्या खोलीत पेले विसळत होती.
चाळीस पेले, सगळे सारखे.
एकावर मात्र पिवळट ठसा होता, अख्ख्या अंगठ्याचा,
रेषा न् रेषा दिसत होती.
तिनं तो उजेडाकडं धरला.
नळ वाहत राहिला.